डेव्हलपमेंट बंद झालेलं सॉफ्टवेअर कामासाठी वापरत राहायचं का?

नकाशेवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकतो. मी नकाशांचं काम करतो, जीआयएस, म्हणजे संगणकावर जागेची माहिती साठवून नकाशे बनवायचे, आणि सगळं आयुष्य आर्कमॅप या सॉफ्टवेअरवर गेलंय. ते बनवणाऱ्या एस्री कंपनीने १ मार्च २०२६ ला ते रिटायर केलं, १०.८.२ ही शेवटची आवृत्ती, आता नवीन काही येणार नाही, बग सापडला तरी कोणी दुरुस्त करणार नाही. पण माझ्या मशीनवर ते आजही उघडतं, काल जसं चालत होतं तसंच चालतं, एकही बटण कमी झालेलं नाही.

प्रश्न असा की चालतंय तोवर चालवायचं का आत्ताच उठून दुसरीकडे जायचं. नवीन शिकायचा कंटाळा म्हणून विचारत नाहीये हे आधीच सांगतो. माझ्याकडे एमएक्सडी (आर्कमॅपच्या नकाशाच्या फाईल) टेम्प्लेटांचा ढीग आहे, व्हीबीए ही त्यातली प्रोग्रॅम लिहायची सोय बंद झाली तेव्हा पुन्हा ॲड-इन म्हणून लिहून घेतलेली टूल्स आहेत, पायथन २.७ च्या स्क्रिप्ट आहेत ज्या रात्री लावून ठेवल्या की सकाळी नकाशे तयार असतात. आणि एडिटिंगला हात इतका बसलाय की स्नॅपिंग (रेषांची टोकं नेमकी जोडणं), टोपॉलॉजी (शेजारच्या आकारांत फट राहू न देण्यासारखे नियम) वगैरे विचार न करता होतं. हे सगळं मोडून नव्याने उभं करायचं म्हणजे तेवढ्या काळात प्रत्यक्ष काम कमी होणार. तुमच्यापैकी ज्यांचं असं हातातलं सॉफ्टवेअर बंद झालं त्यांनी काय केलं? फक्त जीआयएसवाल्यांनीच नाही, फोटो, थ्रीडी, अकाउंट्स, छपाई, कोणीही सांगा.

रेघोटी

आर्कमॅपच्या जागी एस्रीनेच आणलेलं आर्कगिस प्रो शिकून घ्या, दुसरं उत्तर नाही. ते २०१५ पासून आहे म्हणजे घाईघाईत आणलेलं नवं पोर नाही. आर्कमॅप ३२-बिट होतं, मोठा रास्टर (उपग्रहचित्रासारखा चौकटींचा डेटा) किंवा जड जिओप्रोसेसिंग (नकाशाच्या डेटावरची आकडेमोड) लावलं की मेमरी संपायची ते तुम्हीही सोसलं असेल. प्रोमध्ये एका प्रोजेक्टमध्ये कितीही लेआउट ठेवता येतात आणि एमएक्सडी इम्पोर्ट होतात. लेबलं जागा बदलतात, ते मात्र हाताने बघावं लागतं.

प्रकाशचौकट

@नकाशेवाला, मी फोटोग्राफर आहे आणि माझं फोटो सांभाळायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर, अ‍ॅपर्चर गेलं. अ‍ॅपलने जून २०१४ मध्ये जाहीर केलं की आता पुढे डेव्हलपमेंट नाही, आणि २०१५ मध्ये ते विक्रीतूनही काढलं. तरी मी वापरत राहिले आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही, कारण ते मॅकच्या मोहावे या सिस्टिमपर्यंत व्यवस्थित चाललं. शिवाय रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल वाचायचं काम मुळात मॅकची सिस्टिमच करायची, त्यामुळे डेव्हलपमेंट थांबल्यावरही सिस्टिमच्या अपडेटमधून नव्या कॅमेऱ्यांच्या फाईल काही काळ उघडत राहिल्या. मग २०१९ मध्ये मॅकची पुढची सिस्टिम कॅटालिना आली आणि तिच्यावर अ‍ॅपर्चर चालणारच नाही हे स्पष्ट झालं.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. मूळ फोटो कुठेही जात नाहीत, त्या फाईल माझ्याच आहेत. जातं ते मी केलेलं काम. अशा सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईलला हात लागत नाही, तुम्ही केलेला प्रत्येक बदल, एक्स्पोजर, रंग, ब्रशने उजळलेला चेहरा, हे सगळं लायब्ररीत सूचना म्हणून लिहिलेलं असतं आणि त्या सूचना फक्त त्याच सॉफ्टवेअरला कळतात. अडोबीच्या लाइटरूममध्ये नेलं तर कीवर्ड, रेटिंग, कॅप्शन जातात, अ‍ॅडजस्टमेंट जात नाहीत. म्हणून मी अ‍ॅपर्चर नीट चालत होतं तेव्हाच, काही घाई नसताना, निवडक कामाच्या १६-बिट टिफ काढून ठेवल्या, बाकीच्यांच्या पूर्ण आकाराच्या जेपेग. सॉफ्टवेअर हवं तितकं वापरा, पण त्यातून काम बाहेर काढायचं ते मात्र ते धडधाकट असतानाच काढा.

सर्व्हररूम

मी अशा मशीन सांभाळतो त्यामुळे माझी बाजू थोडी कडक वाटेल. सॉफ्टवेअर जुनं आहे यापेक्षा ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमला बांधून ठेवतंय हे जास्त बघायला हवं. लोक एका जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोज ७ ठेवतात, तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आता विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच मशीनवर ईमेल उघडतात, ब्राउझर चालवतात, ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं असतं. मे २०१७ चा वॉनाक्राय हा फाईल ओलीस धरणारा प्रोग्रॅम आठवतो का, मायक्रोसॉफ्टने पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी तो लावला नव्हता ते सापडले, त्यात बहुतेक विंडोज ७ च्या मशीन होत्या. आता विचार करा, ज्या सिस्टिमला पॅच येणारच नाही तिचं काय.

दुसरं म्हणजे तो प्रोग्रॅम कोणाच्या फाईल उघडतो. फक्त स्वतःच्या फाईल उघडत असेल आणि नेटशी संबंध नसेल तर धोका बराच कमी. बाहेरून कोणीही पाठवलेली फाईल त्यात टाकत असाल तर धोका वेगळा, कारण फाईल वाचणाऱ्या कोडमधली भोकं आता कोणी बुजवणार नाही. आर्कमॅपसोबत पायथन २.७ येतं, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपलाय हेही लक्षात घ्या.

ठेवायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवा. नेटवर्क बंद, फाईल आणायला-न्यायला एकच शेअर्ड फोल्डर, आणि सगळं नीट बसलं की स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीची जशीच्या तशी प्रत. मग खालचं हार्डवेअर बदललं तरी तुमचा प्रोग्रॅम तसाच राहतो. फक्त लायसन्स आधी तपासा. काही लायसन्स नेटवर्क कार्डच्या ओळख क्रमांकाला (मॅक अ‍ॅड्रेस) बांधलेली असतात, काहींना डोंगल (पोर्टला लावायची लायसन्सची चावी) लागतो, यूएसबी डोंगल व्हर्च्युअल मशीनला बहुतेक वेळा जोडता येतो, जुना पॅरलल पोर्टचा असेल तर डोकेदुखी आहे.

जुनी_डीबीएफ

सर्व्हररूम यांच्या सुरक्षेच्या मुद्द्याला पूर्ण मान देऊन थोडं उलट बोलतो. बंद झालं म्हणजे नक्की काय झालं ते आधी बघा, सगळी बंद झालेली सॉफ्टवेअर सारखी नसतात.

मी फॉक्सप्रोवाला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या त्या डेटाबेसच्या साधनात प्रोग्रॅम लिहिणारा. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ आलं २००४ मध्ये, मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की पुढची आवृत्ती नाही, जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला. आणि त्यात लिहिलेले हिशेबाचे, स्टॉकचे प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर आजही चालतायत, त्यासाठी जुनी सिस्टिम ठेवावी लागत नाही. का, तर रनटाइम (तयार प्रोग्रॅम चालवायला लागणारा भाग) म्हणजे चार-दोन डीएलएल फाईल, अ‍ॅक्टिव्हेशन नाही, कुठल्या सर्व्हरला विचारायला जायचं नाही. डेटा डीबीएफमध्ये, त्या फाईलची रचना जगाला माहितीये, कोणत्याही भाषेतून वाचा. टेबलची फाईल २ जीबीच्या पुढे जात नाही ही खरी मर्यादा, पण ती सॉफ्टवेअर जिवंत होतं तेव्हाही होतीच. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) चं पण तसंच, आयडीईचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या साधनाचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला पण रनटाइम विंडोजसोबत सांभाळला जातोय.

म्हणजे ज्याला जगायला मालकाची गरज नाही ते मालक गेल्यावरही जगतं. ज्याला दर महिन्याला मालकाकडून परवानगी आणावी लागते ते डेव्हलपमेंट चालू असतानाही तुमच्या हातात नाही. आमच्याकडे अडचण आली ती माणसांची, कोड वाचणारी माणसं कमी होत गेली. एखादा कर किंवा नियम बदलला की प्रोग्रॅममध्ये बदल करावा लागतो आणि तो करणारा शोधत फिरावं लागतं.

सांगाडा३डी

जुनी_डीबीएफ, माणसांचं बोललात ते अगदी मनाला लागलं. मी सॉफ्टइमेजवाली, म्हणजे त्या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवाली. ऑटोडेस्कने २००८ मध्ये ते अ‍ॅव्हिडकडून घेतलं आणि मार्च २०१४ मध्ये जाहीर केलं की २०१५ ही शेवटची आवृत्ती, सपोर्ट ३० एप्रिल २०१६ पर्यंत. आइस नावाची त्यातली जी नोडची, म्हणजे ठोकळे जोडायची व्यवस्था होती, ज्यात पार्टिकलपासून डिफॉर्मेशनपर्यंत सगळं स्वतः बांधता यायचं, तिच्यासारखं काम करायचा आनंद मला नंतर फार कमी ठिकाणी मिळाला, आणि हे मी नुसतं जुनं ते सोनं म्हणून नाही सांगत.

सॉफ्टवेअर एका दिवसात मरत नाही. आधी प्लगइन बनवणारे जातात, मग रेंडरर (सीनचं अंतिम चित्र काढणारे प्रोग्रॅम) बनवणारे नवीन बिल्ड देणं थांबवतात, मग ट्युटोरियलच्या लिंक तुटतात, मग टीममध्ये नवीन आलेल्या मुलाला ते येत नसतं आणि त्याने ते का शिकावं याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. शेवटी सीन एकटीनेच उघडायचा आणि एकटीनेच दुरुस्त करायचा. प्रोग्रॅम तेव्हाही सुरू होतोच, क्रॅशही होत नाही.

आइसमधली नोडची झाडं माया या ऑटोडेस्कच्या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जात नाहीत. जो अ‍ॅनिमेशनचा निकाल आहे तो अलेम्बिक फाईलमध्ये बेक करून, म्हणजे तयार हालचाल म्हणून उतरवून नेता येतो, पॉइंट हलताना दिसतात, पण ते का हलतायत ही बुद्धी मागेच राहते. त्यामुळे मी नियम केला, जुन्या कामाच्या दुरुस्त्या सॉफ्टइमेजमध्ये, नवीन काम त्यात सुरू करायचं नाही.

कोरापान

पानं लावणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो जी अजून कोणी बोललं नाही. आपण मनात धरून चालतो की गरज पडेल तेव्हा नवीन सॉफ्टवेअर जुन्या फाईल उघडेल. तो पूलही कायमचा नसतो!

पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, तेच शेवटचं. अडोबीने इनडिझाइन काढलं, त्यात पेजमेकरच्या फाईल उघडायची सोय होती आणि लोक निर्धास्त राहिले. ती सोय इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच होती. पुढची सीसी आवृत्ती आल्यावर गेली. म्हणजे आज तुमच्याकडे पेजमेकरची फाईल आणि सगळ्यात नवीन इनडिझाइन असलं तरी ती थेट उघडत नाही, मधलं जुनं इनडिझाइन आधी मिळवायला लागतं, आणि ते चालेल असं मशीन मिळवायला लागतं. चित्रं काढायच्या फ्रीहँडचं बघा, २००५ मध्ये ते बनवणारी मॅक्रोमीडिया अडोबीकडे गेली, २००७ मध्ये फ्रीहँड बंद, मॅकवरचे लोक तरी वापरत राहिले कारण जुने प्रोग्रॅम चालवणारं रोझेटा होतं, २०११ मध्ये मॅकची लायन सिस्टिम आली तिच्यात रोझेटाच काढलं आणि एका अपडेटमध्ये खेळ खलास.

फॉन्टचं तर विचारूच नका. टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट अडोबीच्या प्रोग्रॅमांनी जानेवारी २०२३ पासून घ्यायचे बंद केले. आणि आपण मराठीत जे युनिकोडच्या आधी पानंच्या पानं टाइप केलंय ते तर फॉन्टशिवाय मजकूरच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे ती फाईल उघडली तरी कन्व्हर्टर असल्याशिवाय हाती काही लागत नाही. असं काम असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणि तयार पान पीडीएफमध्ये, दोन्ही काढून ठेवा. पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड झालेत (फाईलमध्येच बसलेत) का ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

नकाशेवाला

कोरापान, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुलाचं बोललात तेव्हा एकदम पर्सनल जिओडेटाबेस आठवले, नकाशाचा डेटा ठेवायच्या त्या जुन्या एमडीबी फाईल. माझं जुनं काम बरंचसं त्यातच आहे. रेघोटी, ते प्रोमध्ये उघडतात का?

रेघोटी

नाही उघडत. प्रोमध्ये पर्सनल जिओडेटाबेसला सपोर्टच नाहीये, म्हणून हे काम आर्कमॅप चालू आहे तोवरच करून घ्या, बाकी सगळं नंतर. एक नवीन फाईल जिओडेटाबेस बनवा आणि एमडीबीमधलं कॅटलॉगमध्ये कॉपी-पेस्ट करून त्यात आणा, डोमेन (फील्डमध्ये चालणाऱ्या किमतींची यादी), रिलेशनशिप क्लास (टेबलांमधली नाती), टोपॉलॉजी सगळं सोबत येतं. शेपफाईल या जुन्या, साध्या प्रकारात काढू नका, लोक घाईत तेच करतात. शेपफाईलमध्ये फील्डचं नाव १० अक्षरांत कापलं जातं, २ जीबीची मर्यादा आहे, डोमेन आणि टोपॉलॉजीचे नियम राहतच नाहीत.

स्क्रिप्टबद्दल, नुसतं पायथन ३ मध्ये बदलून भागणार नाही. आर्कपाय या एस्रीच्या पायथन लायब्ररीतलं मॅपिंग मॉड्यूल जाऊन तिथे एमपी आलंय, एमएक्सडी उघडून त्यातला डेटाफ्रेम धरायचा ही पद्धतच बदलली, तिथे आता प्रोजेक्ट, मॅप आणि लेआउट वेगवेगळे धरायचे. आणि एमडीबीवर चालवलेल्या क्वेरी नीट तपासा. तिथे फील्डचं नाव चौकोनी कंसात आणि वाइल्डकार्डला (कोणत्याही अक्षरांच्या जागी येणाऱ्या चिन्हाला) तारा चालायचा, फाईल जिओडेटाबेसमध्ये नाव दुहेरी अवतरणात आणि वाइल्डकार्डला टक्क्याचं चिन्ह. यात एरर आली तर बरंच, कधीकधी एरर न येता शून्य रेकॉर्ड येतात आणि नकाशावर थर रिकामा दिसतो, ते जास्त वाईट.

क्यूजीआयएस या मुक्त जीआयएस सॉफ्टवेअरचं म्हणाल तर फाईल जिओडेटाबेस ते जीडीएएल या लायब्ररीतून व्यवस्थित वाचतं, जिओपॅकेज हा खुला फाईल प्रकार तर त्याचं घरचंच. एमएक्सडी मात्र सरळ उघडत नाही कारण त्या फाईलची आतली रचना एस्रीने कधी प्रसिद्ध केली नाही. शेपफाईलची केली होती, १९९८ मध्ये, आणि बघा, ती एस्रीच्या ज्या जुन्या आर्कव्ह्यूच्या जमान्यातली ते केव्हाच संपलं, शेपफाईल आज जवळपास प्रत्येक जीआयएस सॉफ्टवेअर उघडतं.

हातोडी

सगळे स्थलांतराचंच बोलतायत म्हणून मुद्दाम दुसरी बाजू मांडतो. कंपनी एखादं प्रॉडक्ट बंद करते तेव्हा ते वाईट झालं म्हणून करतेच असं नाही, तिच्या हिशेबात बसत नाही म्हणून करते. आपण दर वेळी धावायला लागलो तर आयुष्य शिकण्यातच जाईल आणि ज्यात प्रावीण्य आलं ते प्रत्येक वेळी टाकून द्यायचं. आणि बंद झालेलं परत येतंसुद्धा. निक कलेक्शन हे फोटोंच्या फिल्टरचं सॉफ्टवेअर गुगलने २०१२ मध्ये घेतलं, मार्च २०१६ मध्ये फुकट केलं, मग २०१७ मध्ये सांगितलं की आता पुढे काही करणार नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएक्सओने ते विकत घेऊन पुन्हा चालू केलं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची कंपनी २००२ मध्ये बुडाली, लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून सोर्स कोड सोडवला. आज बघा ब्लेंडर कुठे आहे.

सांगाडा३डी

हातोडी, ब्लेंडरचं उदाहरण मला जीव की प्राण आहे, आता मी त्यातच काम करते. पण ते वाचलं कारण ज्यांच्याकडे हक्क होते ते किंमत घेऊन कोड सोडायला तयार झाले. सॉफ्टइमेजसाठीही लोकांनी खूप विनवण्या केल्या. फ्रीहँडवाले तर २०११ मध्ये कोर्टात गेले, तरी फ्रीहँड काही परत आलं नाही. आपलं पोट ज्या कामावर आहे ते कोणाच्या मर्जीच्या आशेवर ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हररूम

अ‍ॅक्टिव्हेशनचं राहिलं होतं. अडोबीने सीएस२ या जुन्या सॉफ्टवेअर संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा ज्यांनी विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि सिरियल नंबर दिले, जानेवारी २०१३ ची गोष्ट. प्रत्येक कंपनी असं करेलच असं नाही. त्यामुळे बंद होणार म्हणून कळलं की लगेच लेखी विचारा, मशीन बदललं तर पुन्हा ऑथराइज करता येईल का, कधीपर्यंत. इन्स्टॉलर, सर्व्हिस पॅक, शेवटचे पॅच, हेल्प फाईल सगळं डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा, ती पानं पण एक दिवस जातात. आणि जुनं मशीन फॉरमॅट करायच्या आधी लायसन्स डी-ऑथराइज करायला विसरू नका.

प्रोग्रॅमचे तुकडे पण एकेक करून जातात. लाइटरूम ६ मध्ये नकाशा दाखवणारा भाग होता, तो बाहेरच्या सेवेवर चालायचा, २०१८ च्या शेवटी तो बंद पडला, बाकी लाइटरूम चालूच. तुमच्या आर्कमॅपमध्ये ऑनलाइन बेसमॅप (खालचा तयार नकाशा) किंवा जिओकोडिंग (पत्त्यावरून जागा शोधणं) वापरत असाल तर तिथून सुरुवात होईल.

प्रकाशचौकट

लाइटरूम ६ वाल्यांसाठी एक, नव्या कॅमेऱ्याची रॉ फाईल त्यात उघडत नाही पण अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, आधी डीएनजी (अडोबीचा रॉ प्रकार) करा मग उघडते. असे आधार जिथे मिळतात तिथे मी जुनं सोडायची घाई करणार नाही.

हातोडी यांचं प्रावीण्याचं म्हणणं मला मान्य आहे, हात बसलेला असतो त्याला खरंच किंमत असते, आणि नवीन साधनात पहिले काही महिने काम आधीपेक्षा खालच्या दर्जाचं होतं हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. पण ज्याने आपल्याला काम दिलं तो पाच-सात वर्षांनी येऊन म्हणतो यात एवढा बदल करून द्या, तेव्हा ते करून देता यायला हवं. माझ्यासाठी निर्णय तिथे होतो.

नकाशेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. चालतंय तोवर चालवा की आत्ताच सोडा असा मी एकच प्रश्न विचारला होता, पण जुनं काम, नवीन काम आणि डेटा यांची उत्तरं वेगवेगळी निघाली. तर आधी सगळे एमडीबी फाईल जिओडेटाबेसमध्ये, हे काम उद्यापासूनच. दिलेल्या प्रत्येक नकाशाची पीडीएफ आहे का ते तपासणार, नसेल तर आर्कमॅपमधूनच काढणार. मग आर्कमॅप व्हर्च्युअल मशीनमध्ये, नेटवर्क बंद करून, फक्त जुन्या कामाच्या दुरुस्तीसाठी. नवीन कामं प्रोमध्ये. स्क्रिप्ट एकेक करून हलवणार, आणि जुनी स्क्रिप्ट आणि नवी स्क्रिप्ट एकाच डेटावर चालवून निकाल ताडून बघितल्याशिवाय जुनी काढणार नाही. टोपॉलॉजी एडिटिंगचा हात प्रोमध्ये बसायला वेळ लागेल, तो देणार.

एकच अडलंय, अ‍ॅनोटेशन. नकाशांवरची नावं मी हाताने वळवून नदीच्या वळणावर बसवलेली आहेत, ती तशीच येतील का?

रेघोटी

येतील, पण अपग्रेड केल्याशिवाय प्रोमध्ये एडिट होणार नाहीत, आणि एकदा अपग्रेड केलं की ते अ‍ॅनोटेशन आर्कमॅपमध्ये परत वापरता येत नाही. म्हणून आधी पूर्ण जिओडेटाबेसची कॉपी करा आणि कॉपीवरच अपग्रेड डेटासेट हे टूल चालवा. मूळ तुमच्या त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये राहू द्या. आणि जो फॉन्ट वापरलाय तो नवीन मशीनवर आधी टाका, नाहीतर दुसरा फॉन्ट लागेल आणि नदीवरची नावं सरकलेली दिसतील.